पाऊस पिंपात कसा भरावा : नवशिक्यांसाठी पहिला पाठ

ज्यांच्याकडे स्वतःची गच्ची आहे, गच्चीखाली चार वाफ्यांची बाग आहे आणि मे महिन्यात नळी धरून झाडांना पाणी घालताना ज्यांना शेजाऱ्यांची नजर चुकवावी लागते, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. उदाहरणं पुण्याची घेतली आहेत. पुण्यात पाऊस बेताचा आणि पाण्याविषयीची मतं मुबलक. शिवाय दर सोसायटीत या विषयातले किमान एक जाणकार काका राहत असल्यामुळे नवशिक्याला मार्गदर्शन मागावं लागत नाही. ते फाटकापाशी येऊन उभं राहतं. रत्नागिरीच्या वाचकांनी पावसाचे आकडे चौपट-पाचपट करून वाचावेत. महाबळेश्वरच्या वाचकांनी नुसत्या कुतूहलापोटी वाचलं तरी चालेल.

पूर्वज्ञान लागत नाही. गुणाकार यावा. येत नसेल तर पहिला पावसाळा अधिक आनंदात जाईल.

साहित्य

२०० लिटरचं एक निळं प्लॅस्टिकचं पिंप. चार इंची पीव्हीसी पाइप, लागेल तितका आणि वर दोन फूट, कारण पहिला तुकडा चुकीचाच कापला जातो. तीन एल्बो, एक टी, सोल्युशनची डबी, टेफ्लॉन टेप, एम-सील. एक नळ. डासांची जाळी. सिमेंटचे आठ ब्लॉक. एक प्लंबर. यांतल्या शेवटच्या जिनसाची जमवाजमव मार्चमध्ये सुरू करावी. मेच्या अखेरीस गावातले सगळे प्लंबर सगळ्यांकडे ‘उद्या सकाळी नक्की’ येणार असतात.

पिंप जुन्या बाजारातून नाहीतर भंगारवाल्याकडून आणायची रीत आहे. घेताना ‘यात आधी काय होतं?’ असं विचारावं. ‘काही नाही साहेब, साबणाचं पाणी,’ असं उत्तर येईल. मग झाकण काढून स्वतः वास घ्यावा. लोणच्याचा किंवा सरबताच्या पाकाचा वास आला तर पिंप उत्तम. वास ओळखू येत नाही पण डोळ्यांना पाणी येतंय, असं झालं तर पिंप तिथेच ठेवून दोन पावलं मागे यावं. पांढरं, आरपार दिसणारं पिंप घेऊ नये. पाहुण्यांना पाण्याची पातळी दाखवता येते हा त्याचा एकच गुण. पण उजेड आत गेला की शेवाळ धरतं आणि महिनाभरात पाहुण्यांना दाखवण्यासारखं काही राहत नाही. घेतलंच असेल तर बाहेरून काळा रंग द्यावा.

गणित (ही पायरी बहुतेक जण शेवटी करतात)

सूत्र संशय यावा इतकं सोपं आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमची गच्ची ५० चौरस मीटरची, म्हणजे साडेपाचशे चौरस फुटांच्या जरा आतली, असं धरू. पुण्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गुणाकार झाला ३५,०००. त्यातलं थोडं गच्ची पिते, थोडं उडतं, थोडं वाळतं. म्हणून २० टक्के सोडून द्या. उरले २८,००० लिटर.

इथे थांबावं आणि आकडा घरात मोठ्याने सांगावा. दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर, आणि तेही फुकट! घरातलं वातावरण अनुकूल आहे तोवर पिंप घेऊन यावं. पुढचा गुणाकार पिंप घरी आल्यावर करायचा आहे. आधी केला तर पिंप येणारच नाही.

तो गुणाकार असा. २०० लिटरचं पिंप याच गच्चीवर ५ मिलिमीटर पावसात भरतं. पाच मिलिमीटर म्हणजे पुणेकर ज्यात ‘एवढ्याला काय छत्री उघडायची’ म्हणत मंडईत जाऊन येतो, तेवढा पाऊस. जूनमधल्या एखाद्या संध्याकाळी पिंप काठोकाठ भरेल आणि पुढचे चार महिने भरलेलंच राहील, कारण बाहेर धो धो पडत असताना झाडांना पाणी कोण घालणार? बाकीचे टँकर पिंपाच्या काठावरून गटाराकडे रवाना होतील. ऑक्टोबरच्या मध्याला परतीचा पाऊसही संपतो. २० चौरस मीटरच्या बागेला चौरस मीटरमागे दिवसाला ४ लिटर, म्हणजे रोजचे ८० लिटर लागतात असं धरा. पिंप दोन दिवस पुरेल. तिसऱ्या दिवशी अर्ध्या बागेचं भागेल. पुढचा पाऊस तिथून पावणेआठ महिने लांब आहे.

चिकाटीचे विद्यार्थी इथे म्हणतात, मग पिंपं वाढवू. वाढवा. २३५ दिवसांचे १८,८०० लिटर, म्हणजे ९४ पिंपं. एका पिंपाला दोन फूट बाय दोन फूट जागा धरली तर ९४ पिंपांना जवळपास ३५ चौरस मीटर लागतील. बाग आहे २० चौरस मीटरची. तेव्हा पिंपं मांडायला बाग काढावी लागेल, आणि बाग काढली की पाण्याचा प्रश्नच मिटतो. या विषयात शंभर टक्के यश देणारा हाच एक उपाय आम्हाला माहीत आहे.

तरीही पिंप घ्यावं. ते उन्हाळ्यासाठी आहे हे मात्र कुणालाही सांगू नये, स्वतःलाही नाही. पिंपाची खरी नोकरी पावसाळ्यातच असते. जुलै-ऑगस्टात पाऊस आठ-दहा दिवस दडी मारतो, वाफे भेगाळू लागतात, तेव्हा ते कामाला येतं. नंतरची सर ते फुकटात पुन्हा भरून देते, आणि असं पाच-सहा वेळा झालं तर दोनशेच्या पिंपाने हजार-बाराशे लिटरचं काम केलं. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे छज्ज्याखालच्या आणि गॅलरीतल्या कुंड्या. सगळं शहर भिजत असताना त्या कोरड्याठाक असतात, आणि त्यांची कुणाला आठवण होत नाही. शिवाय बोअरच्या जड पाण्याने कुंड्यांच्या कडांवर जो पांढरा क्षार चढतो, तो पावसाच्या पाण्याने चढत नाही. नेचे आणि ऑर्किड यांना तर हेच पाणी मानवतं.

जागा

गच्चीवर पिंपं मांडायची कल्पना प्रत्येकाला सुचते. पाणी तिथेच पडतं, मग तिथेच ठेवू! पण एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब आपल्याकडे साधारण चौरस मीटरला १५० किलो भार धरून आखतात, आणि भरलेलं पिंप पाव चौरस मीटरवर दोनशे किलो ठेवतं. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन. ती कुठल्या तुळईवर किंवा खांबावर येते ते इंजिनिअरला विचारल्याशिवाय वर चढवू नये. तो घरचाच, म्हणजे मेव्हणा वगैरे असेल, तर दुसऱ्याला विचारावं.

जमिनीवर, गच्चीच्या पाइपाशेजारी, आठ ब्लॉकांच्या ओट्यावर पिंप ठेवावं. ओटा दीड-दोन फूट उंच हवा, म्हणजे नळाखाली झारी मावते. एवढ्या उंचीवर ठिबक सिंचन चालेल का, हा प्रश्न काका विचारणारच. दहा मीटर उंचीवरून पाणी आलं तर त्याला एक बार दाब मिळतो. तुमच्या दोन फुटांतून किती मिळेल ते काकांनाच काढायला सांगावं. तेवढ्या वेळात नळ बसवून होतो. नळ तळापासून चार इंच वर बसवा. खालच्या चार इंचांत गाळ बसतो आणि तो तिथेच बसलेला बरा.

पहिला पाऊस आणि एल्बो

सगळ्या पुस्तकांत लिहिलंय की पहिल्या पावसाचं पाणी साठवू नका. आठ महिन्यांची धूळ, पारव्यांची कृपा, दिवाळीतल्या फटाक्यांचे कागद आणि गेल्या वर्षी हरवलेला चेंडू, सगळं त्यात येतं. निदान पहिला एक मिलिमीटर, म्हणजे आपल्या गच्चीवरचे ५० लिटर, बाहेर सोडावे लागतात. त्यासाठी व्हिडिओत एक सुबक युक्ती दाखवतात. पाइपाला टी लावून खाली दोन फुटांचा बंद तुकडा सोडायचा. घाण पाणी आधी त्यात भरतं, मग स्वच्छ पाणी पिंपाकडे वळतं. दिसायला फार छान. पण चार इंची पाइपात एक मीटर लांबीला आठ लिटर पाणी मावतं. ५० लिटरसाठी सहा मीटर पाइप हवा. म्हणजे दोन फुटी तुकड्यात पारव्यांच्या कामगिरीचा फक्त नमुना गोळा होतो. मुख्य माल पिंपातच जातो.

त्यापेक्षा शेवटचा एल्बो सोल्युशन न लावता नुसता बसवा, हाताने फिरेल असा. पावसाळ्याआधी त्याचं तोंड बाहेर ठेवायचं आणि पहिली जोरदार सर गच्ची धुऊन गेली की पिंपाकडे वळवायचं. खर्च शून्य, बिघडण्यासारखं काही नाही. अडचण एकच. पहिला पाऊस कोसळत असतो, घरात कांदाभजी तळली जात असते, मातीच्या वासावर सगळे गॅलरीत बोलत उभे असतात, आणि त्या मुहूर्तावर कुणीतरी छत्री घेऊन मागच्या बोळात एल्बो फिरवायला जायचं असतं. हे काम कुणाकडे, ते एप्रिलमध्येच ठरवून लेखी घ्यावं. ‘तो जाईल’ या भरवशावर राहिलेल्या घरांतले एल्बो गणपतीपर्यंत बाहेरच पाहत राहिलेले आहेत.

पाऊस नेमका कधी येणार, यासाठी हवामान खातं आणि पंचांग दोन्ही पाहावं. पंचांगात नक्षत्राचं वाहन दिलेलं असतं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाऊस चांगला. कोल्हा असेल तर ओढ. एल्बो मात्र वाहन कुठलंही असो, बघावाच लागतो.

जास्तीचं पाणी

पिंपाला वरच्या बाजूला सांडवा हवा, आणि येणारा पाइप चार इंची असेल तर जाणाराही चार इंचीच हवा. इथे नवशिके हमखास अर्धा इंची नळी लावतात, ‘जास्तीचं थोडंच असतं’ म्हणून. थोडं किती असतं? २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. आपल्या ५० चौरस मीटरच्या गच्चीवर तो पडला असता तर एका दिवसात ४७,००० लिटर झाले असते. पुण्याच्या सबंध वर्षाहून जास्त. तसा दिवस रोज येत नाही, पण तासाभरात ३० मिलिमीटर पुण्यातही पडतो, आणि तेव्हा अर्धा इंची नळी बघत राहते व पाणी घराच्या पायाकडे जातं. सांडव्याचं तोंड वाफ्यात सोडा, नाहीतर विटांचे तुकडे आणि वाळू भरलेल्या शोषखड्ड्यात. पिंपापेक्षा हा खड्डा जास्त काम करतो. पण तो दिसत नाही, त्यामुळे त्याचा फोटो कुणी काढत नाही.

डास

आता मुख्य विषय. तुम्ही सावलीत, शांत जागी, स्वच्छ पाणी साठवलेलं आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या मादीला घर निवडताना याच तीन गोष्टी लागतात. गटाराचं पाणी तिला चालत नाही; तिची आवड आपल्यासारखीच आहे. ती पाण्याच्या पातळीच्या जरा वर, पिंपाच्या ओलसर भिंतीवर अंडी घालते. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आणि पिंप वाळलं तरी अंडी मरत नाहीत, भिंतीला चिकटून महिनोन्महिने वाट पाहतात. पाणी पुन्हा चढलं की फुटतात. पाऊस साठवण्याची इतकी चिकाटी बागवानांत क्वचितच आढळते.

पालिकेचं आरोग्य खातं सांगतं, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करा. सल्ला अगदी योग्य आहे. मात्र तो पाळला तर उन्हाळ्यासाठी जमवलेलं पाणी दर रविवारी ओतून द्यावं लागेल. यावर तोडगा जाळी. पिंपाच्या तोंडाला, पाइप आत शिरतो तिथल्या फटीला आणि सांडव्यालाही. सांडव्याला सगळे विसरतात. मादी विसरत नाही. जाळी बारीक हवी, शेडनेटचा तुकडा चालत नाही. दुसरा तोडगा गप्पी मासे. पालिकेच्या आरोग्य विभागाकडे किंवा ओळखीच्या विहिरीत मिळतात, डासांच्या अळ्या आवडीने खातात आणि संसार भराभर वाढवतात. मग नातवंडं माशांना नावं ठेवतात, आणि ऑक्टोबरमध्ये पिंप रिकामं करायची वेळ आली की घरात बागेचा पक्ष आणि माशांचा पक्ष असे दोन तट पडतात. माशांचा जिंकतो.

वर्षातून एकदा पिंप आतून ब्रशने घासा. नुसतं धुऊन अंडी जात नाहीत.

थोडा इतिहास, कारण काकांना आवडतो

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गांविषयीचं प्रकरण आहे. गड बांधायचा तर आधी पाणी पाहा, असं त्यात सांगितलंय. पाणी नसेल आणि जागा सोडवत नसेल, तर खडक फोडून सगळ्या गडाला पुरतील अशी टाकी-तळी आधी करून घ्या. झरा आहे म्हणून निश्चिंत बसू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात. म्हणून दोन-चार टाकी राखीव ठेवा आणि त्यांतलं पाणी एरवी खर्च होऊ देऊ नका. तोफांच्या जागी शेजारच्या प्लॉटवर बोअर घेणारं यंत्र धरलं तर मजकुरात काही बदलायला नको.

त्याहून कितीतरी जुनी व्यवस्था बोरिवलीजवळ कान्हेरीला आहे. शंभरावर लेणी, आणि बहुतेक लेण्यांच्या दाराशी खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं. डोंगरावरून वाहणारा पाऊस खाचांतून त्यात उतरायचा. खडकाच्या पोटातलं पाणी उन्हापासून आणि उजेडापासून दूर, म्हणून टिकायचं. आपल्या निळ्या पिंपात जे बसत नाही ते सगळं तिथे होतं : जागा, सावली आणि वजन पेलणारा डोंगर. शिवाय भिक्षूंकडे लॉन नव्हतं.

लॉनचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. ज्या घरात लॉन आहे तिथे पाऊस साठवण्याच्या गप्पा मारू नयेत. एप्रिलात पुण्याच्या उन्हात हिरवंगार गवत ठेवायचं आणि कोपऱ्यात दोनशे लिटरचं पिंप मांडून पर्यावरणाचं पुण्य घ्यायचं, हे जमत नाही. आधी गवत काढा. तिथे कडीपत्ता, जास्वंद, अबोली, सोनचाफा लावा. मूळ धरलं की ही झाडं दोन-तीन दिवसांआड पाण्यावर राहतात. मग ८० लिटरचा रोजचा आकडा आपोआप खाली येतो. ९४ पिंपांचं काम काही रोपांच्या अदलाबदलीने होतं, पण रोपवाटिकेत हे कुणी सांगत नाही. तिथे लॉन चौरस फुटाने विकतात.

सगळ्यात मोठी टाकी

ही तुमच्याकडे आधीपासून आहे आणि तिला नळ नाही. मध्यम पोताची माती एक मीटर खोलीत झाडांना घेता येईल असं सुमारे १५० मिलिमीटर पाणी धरते. २० चौरस मीटर बागेत, वरच्या अर्ध्या मीटरमध्येच १,५०० लिटर. साडेसात पिंपं, आणि डास एकही नाही. अट एवढीच की बागेत माती हवी. नव्या बंगल्यांभोवती बिल्डरने भरलेला राडारोडा असतो, वर सहा इंच लाल मातीचा मुलामा. पहारीने फूटभर खणून पाहावं. फरशीचे तुकडे, सळया आणि सिमेंटची पोती निघाली तर पहिला खर्च पिंपावर करू नये. राडारोडा काढून माती आणि कंपोस्ट भरावं.

मग पावसाळा संपता संपता, माती ओली असतानाच, वर तीन-चार इंच पालापाचोळ्याचं आच्छादन द्यावं. खोडापासून जरा दूर. पाला विकत आणायला लागत नाही. सकाळी सहा वाजता शेजारी तो जाळायच्या बेतात असतात, तेव्हा पोतं घेऊन हजर व्हावं. त्यांचा धूर वाचतो आणि तुमचं पाणी. रोज तांदूळ-भाज्या धुतलेलं दहा लिटर पाणी बादलीत धरून वाफ्यात ओतलंत, तर पावणेआठ महिन्यांत त्याची जवळपास बारा पिंपं भरतात. हे घरातल्या आजी पूर्वीपासून करत असतात. त्यांना प्लंबर लागला नाही.

सवलत

पुणे महापालिका पर्जन्यजल साठवण, सौरऊर्जा, गांडूळखत अशा प्रकल्पांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. अर्ज जरूर करावा, पण त्याआधी पाइपाचं दुसरं टोक कुठे जातं ते पाहून घ्यावं. गच्चीपासून सुरू होऊन कुठेच न पोचणारे पाइप शहरात पुष्कळ आहेत, आणि त्यांवर रंगही चांगला दिलेला असतो.

एप्रिल

पिंप रिकामं, झाडं सुकलेली आणि सोसायटीत टँकर सुरू झालेले. आता पिंपाचा पहिल्यांदाच पूर्ण क्षमतेने उपयोग होईल, कारण टँकरचं पाणी साठवायला घरात दुसरं मोठं भांडं नाही. टँकरवाला नळी थेट जाळीवर सोडतो आणि जाळी आत जाते, तेव्हा ती आधी काढून ठेवा. नळी निघाली की लगेच परत लावा. त्याच दुपारी प्लंबरला फोन करा, म्हणजे तो मेच्या अखेरीस येईल.